टिकरा मैदानाचा अकरावा

कोणी गेलं की दिगूभैया मोहरीर त्या घरी तीनदा जायचे. एकदा मयतीला, एकदा तेरवीला आणि तेरवीनंतर आठवड्याभराने फोटो मागायला.

पहिल्या दोन वेळांना घरच्यांना बरं वाटायचं. तिसऱ्या वेळी ते बिचकायचे, कारण फोटो हातात पडल्यावरही भैया उठत नसत. "भाऊ पँट मोज्यात खोचत होते की दुमडत होते?" असं विचारायचे आणि मिळेल ते उत्तर खिशातल्या छोट्या वहीत लिहून घ्यायचे. एकदा मी सोबत होतो. नवरा जाऊन वीस दिवस झालेल्या एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "वहिनी, मनोहरभाऊ बॉल टाकाच्या आधी हाताले थुंकी लावत की मातीत हात घासत?" माझी मान खाली गेली. मुलगा उठून उभा राहिला. ती बाई मात्र आत गेली आणि हाताने विणलेला एक पांढरा स्वेटर घेऊन आली. बाह्यांवर लाल मातीचे डाग तसेच होते. "घासत असतील," ती म्हणाली, "मी किती वेळा धुतला." भैयांनी वहीत लिहिलं, माती.

भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात आम्ही पंधरा वर्षं समोरासमोर बसलो. ते माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. नाव दिगंबर, पण रायपूरच्या रिवाजाप्रमाणे मराठी घरांतही सगळे त्यांना दिगूभैयाच म्हणत. अंगाने काटकुळे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, बोलणं मोजकं. ट्रक उशिरा येवो, ड्रायव्हर भांडो, मालक फोनवर ओरडो, त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "घाई कोणाले आहे बाप्पा. टेस्ट मॅच आहे." नवीन माणसाला हे शहाणपण वाटायचं. आम्हाला पंधरा वर्षांत त्याचा कंटाळा आला होता.

ते निवृत्त झाले त्याच महिन्यात ऑफिसात नवे कम्प्युटर आले. जुन्यातला एक मालकाने शाल-नारळासोबत त्यांना देऊन टाकला. तो घेऊन मीच त्यांच्या तात्यापाऱ्यातल्या घरी गेलो, मागच्या खोलीत बसवून दिला आणि वेळ जावा म्हणून त्यात एक जुना क्रिकेटचा गेम टाकला. माझं पाप म्हणा की पुण्य, ते एवढंच.

दोन दिवसांनी फोन आला.

"शिरीष, याच्यातले नावं बदलता येते का?"

"येतात की. काहून?"

"हे सगळे मोठे लोकं आहेत. मले यांच्याशी काय करायचं आहे?"

मग मी त्यांना दाखवलं की जगभर असे रिकामटेकडे बसले आहेत. कोणी पन्नास वर्षांपूर्वीचे संघ बनवतो, खेळाडूंची हेल्मेटं काढतो, रंगीत कपडे पांढरे करतो. कोणी पाडलेली स्टेडियमं विटेविटेने पुन्हा बांधतो आणि इंटरनेटवर फुकट वाटतो. भैया खुर्चीत पुढे सरकून बघत होते.

"म्हणजे पाडलेलं उभं करता येते."

"कम्प्युटरात."

"हव. कम्प्युटरातच म्हणून राहिलो मी."

त्यांना कोणतं मैदान उभं करायचं होतं ते पुढे सहा महिन्यांत तुकड्यातुकड्याने कळलं. त्यांच्या तरुणपणी पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, पलीकडे उंचवट्यावर पडीक जमीन होती. इकडे अशा जमिनीला टिकरा म्हणतात, म्हणून ते टिकरा मैदान. तिथे तात्यापारा इलेव्हन नावाची टीम खेळायची. अकराही जण मराठी घरांतले, कोणी वकिलाचा मुलगा, कोणी किराणा दुकानातला, कोणी मास्तर. भैया सगळ्यांत लहान, सतरा वर्षांचे. खरं म्हणजे बाराव्या जागेवरचे, पण एक जण टायफॉइडने पडला म्हणून फायनलला अकरावे झाले. फायनल रेल्वे कॉलनीच्या टीमशी होती. तात्यापाऱ्याचे नऊ आऊट, जिंकायला सात हव्या होत्या. भैया पॅड बांधून निंबाखाली उभे झाले तोच उजेड गेला. कॅप्टन लोकांनी ठरवलं, उरलेली मॅच पुढच्या रविवारी.

मधल्या आठवड्यात जमिनीच्या नव्या मालकाने टिकऱ्याला काटेरी तार घातली. पुढचा रविवार आलाच नाही. टीम दुसरीकडे खेळायला गेली नाही, वर्षभरात पांगली. दिगूभैयांची पहिली आणि शेवटची बॅटिंग अशी राहून गेली.

"मंग पॅडचं काय केलं?" मी एकदा गमतीने विचारलं.

"वापस केले. क्लबचे होते," ते म्हणाले. त्यांना यात गंमत दिसली नव्हती.

ती मॅच त्यांना पुरी करायची होती. अर्धवट मॅच गेमात सुरू करता येत नाही, पहिल्या बॉलपासूनच खेळावी लागते. त्याला त्यांची हरकत नव्हती. पण मैदान तेच हवं होतं आणि माणसं तीच. मैदानाच्या जागी आता दुकानं आहेत आणि मागे मोटारसायकलींचं पार्किंग. एका सकाळी मला घेऊन ते तिथे गेले आणि गाड्यांच्या मधून पावलं मोजत चालू लागले. चौकीदार धावत आला.

"ए बबा, का खोजत हस?"

"पिच," भैया म्हणाले.

चौकीदाराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तो बिचारा दोन मोटारसायकली बाजूला सरकवून गेला. बावीस यार्डांचं एक टोक चाटवाल्याच्या ठेल्याखाली निघालं. निंबाचं झाड केव्हाच तोडलेलं होतं, पण भैयांनी भिंतीच्या एका कोपऱ्याशी जाऊन टाच रोवली. "इथं. मी इथं फिल्डिंग करत होतो. बॉल निंबाले लागला की दोन रन." गेमाला हा नियम मान्य नव्हता. दोन महिने खटपट करून त्यांनी नाद सोडला. झाड मात्र बसवलं. प्रेक्षकांचा गलका बंद केला, कारण त्यांच्या मॅचला पंधरा माणसं आणि एक गाय असे. गाय उभी करायची सोय नव्हती, तर बाउंड्रीवरच्या जाहिरातीच्या फळीवर त्यांनी ती रंगवली. चपटी, तपकिरी, तोंड वळवून बघणारी. ती मात्र हुबेहूब होती असं ते म्हणत.

माणसांच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता आणि तो मला बरेच दिवस कळला नाही. टीममध्ये अकरा नावं होती, पण चेहरे पाचच जणांना. बाकीच्यांच्या धडावर गेमातलेच कोणाचे तरी गोरे, गुळगुळीत चेहरे. मी म्हटलं, यांचेही फोटो आणा, माणसं तर गावातच आहेत.

"जित्या माणसाचं थोबाड रोज बदलते," ते म्हणाले. "कोणतं लावू? माणूस गेला की मंग पक्कं होते."

म्हणजे ज्या पाचांना चेहरे होते ते गेलेले होते. आणि अकराही चेहरे लागल्याशिवाय मॅच सुरू करायची नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. परक्या थोबाडांवर ती मॅच होत नाही, म्हणे. मला हे ऐकून रागच आला. जिवंत मित्रांची कोणी अशी वाट बघतं? पण ते कोणाचं मरण चिंतत नव्हते. उलट जे जिवंत होते त्यांच्याकडे दर रविवारी जाऊन बसत, त्यांची औषधं आणून देत. आणि कोणी गेलं की महिना-महिना त्या कम्प्युटरसमोर बसून, बोटाच्या पेराएवढ्या चित्रात त्याच्या गालावरचा चामखीळ बसवत.

कुसुमवहिनींना, त्यांच्या बायकोला, ती खोली सोसत नसे. चहाचा कप त्या उंबऱ्याच्या बाहेर स्टुलावर ठेवत आणि हाक मारत. आत पाय टाकत नसत. एकदा मला दाराशी गाठून म्हणाल्या, "घरात जितं माणूस आहे म्हणून सांगत जा तुमच्या भैयाले. माह्याशी दिवसातून चार शब्द बोलते हा माणूस. तिकडे मात्र मेलेल्याचे केस विंचरून राहिला." मी ते भैयांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

टीमचे कॅप्टन वामनराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांना कुठून तरी कळलं आणि रिक्षा करून ते टीम बघायला आले. पडद्यावर स्वतःचं नाव सापडलं, वर चेहरा भलत्याचाच. म्हातारा भडकला.

"कॅप्टन मी होतो न रे? गल्लीतल्या मन्याले नाक-डोळे, अन् मले हा कोण लावला?"

भैया उगाच कीबोर्ड पुसू लागले. शेवटी मीच चाचरत नियम सांगितला. वामनरावांनी तो ऐकून घेतला. चहा प्यायले, काठी शोधली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा एक पाकीट देऊन गेला. आत तरुण वामनरावांचा फोटो होता, कॉलर उभी केलेला. मागे थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "तुझ्यापाशी राहू दे. कॉलर खाली करू नको."

करोनाच्या वर्षात तीन गेले. तेव्हा ना मयत, ना तेरवी. भैयांनी फोनवरूनच फोटो मागितले आणि त्या तीन घरांतून कोणीही नाही म्हटलं नाही. नंतर एक जण मुलाकडे पुण्याला गेला होता तो तिकडेच वारला. दोन वर्षांमागे वामनराव गेले. भैयांनी कॉलर उभीच ठेवली.

दहा झाले. त्या दिवशी ते मला म्हणाले तेव्हा आवाज अगदी साधा होता. "आता एकच बाकी आहे."

मी उत्साहाने म्हटलं, "मग टाका स्वतःला आणि करा सुरू. आता कोणासाठी थांबायचं?"

"माह्या हातानं मले नाही टाकता येत शिरीष. आपली तेरवी आपण जेवते का कोणी?"

नियम म्हणजे नियम. ज्या मॅचसाठी दहा वर्षं घातली ती आपण बघणार नाही, हे त्यांना पहिल्यापासून माहीत असणार. ते टीममध्ये सगळ्यांत लहान होते, शेवटी आपणच उरू हा हिशेब कोणालाही जमला असता. या कामासाठी त्यांनी मला ठरवून टाकलं होतं. मॅट्रिकच्या फॉर्मसाठी काढलेला फोटो एका फोल्डरात ठेवला होता. "मी गेलो की मले टाक. अन् तू बटनं दाबू नको. दोन्हीकडून कम्प्युटरलेच खेळू देजो." मी हो म्हटलं. असल्या गोष्टीला माणूस हो म्हणून मोकळा होतो.

पुढचं दीड वर्ष त्यांच्याकडे करायला काहीच नव्हतं. कम्प्युटर लावून ते रिकामं मैदान बघत बसायचे. डोळे अधू झाले होते, उजवा खांदा धरला होता. गावात त्यांच्या लहानपणाचं नाव घेऊन हाक मारणारं एकही माणूस राहिलं नव्हतं. हे ते बोलून दाखवत नसत, पण मी गेलो की टीममधल्या एखाद्याचा किस्सा सांगायचे आणि मधेच थांबून विचारायचे, "बरोबर आहे न?" मी काय सांगणार? मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

मागच्या फाल्गुनात एका दुपारी मी निघालो तेव्हा ते काठी टेकत गेटपर्यंत आले. मी स्कूटर सुरू केली. माझ्या डोक्यात चौबे कॉलनीतल्या आमच्या घरी आलेला प्लंबर होता, तो जाईल म्हणून घाई होती. "शिरीष, पहिला बॉल मी असा खेळणार होतो. पाहिजो," ते मागून म्हणाले. मी हात हलवला आणि गाडी पुढे काढली. थांबलो नाही, वळून बघितलं नाही. आठ दिवसांनी ते झोपेतच गेले.

मयतीला गेलो, तेरवीला गेलो आणि आठवड्याने तिसऱ्यांदा गेलो. फोटो मागायला नको होता, तो होताच. मागच्या खोलीत बसून मी त्यांचा चेहरा लावला. माझ्याने तो धड जमला नाही, कान जरा वर गेले. मग खेळाडूची माहिती भरायला घेतली. वहीत प्रत्येकाला एकेक पान होतं, पान भरून बारीकसारीक लिहिलेलं. शेवटचं पान त्यांचं. त्यावर दोनच ओळी होत्या. फिल्डिंग निंबाखाली. बॅटिंग अकरावा.

गेम विचारत होता, उजवा की डावा?

मला माहीत नव्हतं. वहिनींना विचारलं. "जेवत तर उजव्याच हातानं," त्या म्हणाल्या. "बाकी मी कुठं मॅच पाहिली त्यांची." बंगळूरला त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "पापा खेलते भी थे क्या? मैंने तो हमेशा ऑफिस जाते ही देखा." मी वही पुन्हा चाळली. दहा माणसांचे हात, बूट, थुंकी, माती, सगळं होतं. ज्या माणसाने सगळ्यांचं लिहून ठेवलं, त्याचं सांगणारे दहाच्या दहा कम्प्युटरात जाऊन बसले होते.

आणि त्याने स्वतः मला दाखवलं होतं. पाहिजो म्हणाला होता. मला नळाची चिंता पडली होती.

खूप आठवून पाहिलं तेव्हा एक गोष्ट डोळ्यांपुढे आली. गल्लीतून वळण्याआधी स्कूटरच्या आरशात मी त्यांना पाहिलं होतं. काठी बॅटसारखी धरून, किंचित वाकून, गेटापुढे उभे. उजव्या हाताने खेळणारा उभा राहतो तसे. मी गेममध्ये 'उजवा' भरलं, मॅच दुसऱ्या दिवशी लावू म्हणून कम्प्युटर बंद केला आणि घरी निघालो. गल्लीच्या त्याच वळणावर सवयीने आरशात बघितलं. मागच्या शिंप्याच्या दुकानाची पाटी आरशात उलटी दिसत होती. सगळ्या अक्षरांची डावी बाजू उजवीकडे गेलेली.

मी स्कूटर तिथेच उभी केली. आरशात उजवा दिसला तो डावा असतो.

खरं सांगायचं तर ते आरशात तसेच दिसले होते की मी मागाहून तसं ठरवलं, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. तरी मी परत फिरलो. वहिनींनी दार उघडलं. मी आत जाऊन 'डावा' केलं आणि उद्यावर न टाकता मॅच लावली. टॉस रेल्वे कॉलनीने जिंकला, बॅटिंग घेतली. बटणांवरचे हात मी काढून मांडीवर ठेवले.

अकरा जण मैदानात उतरले. पांढरे कपडे, डोक्यावर काही नाही, वामनरावांची कॉलर उभी. गलका नव्हता. फळीवरची गाय बघत होती. मनोहरभाऊ पहिली ओव्हर टाकायला धावत आले.

मागे कपाचा आवाज झाला. वहिनी चहा घेऊन आत आल्या होत्या, उंबरा ओलांडून. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"हे कुठं आहेत?"

मी बोट ठेवलं. अगदी कडेला, निंबाखाली, नखाएवढी आकृती गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. वहिनी वाकून बघत राहिल्या.

"इतक्या लांब काहून उभं केलं यांले?"

"त्यांची जागा तीच होती, वहिनी."

"अन् बॅटिंग?"

"ती शेवटी. आधी हे लोक आऊट होतील, मग आपले नऊ. वेळ लागेल बराच."

त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढून घेतली आणि पदर सावरून माझ्या बाजूला बसल्या.

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "घाई कोणाले आहे."